वसंताची गोळी

मला कॅन्सर आहे हे कळलं त्या दिवशी मी रडले नाही, भांडले. नागपूरच्या दवाखान्यात, डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर बसून. तंबाखू नाही, बिडी नाही, घरात साधी मिसरी नाही, मग फुफ्फुसाचा कॅन्सर मला कसा, हे आधी सांगा, असं मी त्यांना ठणकावून विचारलं. आयुष्य सौंसरच्या शाळेत पोरांना 'का' विचारायला शिकवण्यात गेलं होतं, त्यामुळे मला वाटलं माझा हक्कच आहे.

डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, असं होतं. का होतं ते दर वेळी सांगता येत नाही. पण काय करायचं ते सांगता येतं."

गाठ कापून काढण्याच्या जागी नव्हती. सलाइनमधून औषध द्यायचं, मग पुन्हा फोटो काढून बघायचं, असं ठरलं. परतीच्या गाडीत आमच्या ह्यांनी चहा घेतला, हातात धरून बसले आणि आमचं पांढुर्ण्याचं स्टेशन आलं तेव्हा तसाच खिडकीतून ओतून दिला. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर म्हणाले, "कोणाले सांगू नको. फुफ्फुसात पाणी झालं म्हणू."

कारण होतं. आमच्या पल्लवीची सोयरीक मोहगावला ठरत आली होती. मुलगा चांगला, माणसं चांगली, साक्षगंध म्हणजे साखरपुडा तेवढा व्हायचा होता. अशा वेळी घरात कॅन्सर आला म्हणून दवंडी पिटायची नसते, हे मलाही पटलं. मी हो म्हटलं. त्या 'हो'पायी पुढे जी फजिती झाली ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण ती ओघानं येईल.

दवाखान्याची शाळा

सलाइनच्या दिवशी पहाटेची गाडी धरायची, नागपूरला पोचायचं, रांगेत बसायचं. पहिल्या खेपेला मी घाबरले होते. दुसऱ्या खेपेपासून मी त्या हॉलची वर्गशिक्षिकाच झाले. कोण खाल्ल्याशिवाय आलं आहे, कोणाची सलाइन संपत आली आहे, कोण गुपचूप रडतं आहे, सगळं माझ्या ध्यानात असायचं. शीर सापडेना तेव्हा एक नर्स म्हणायची, "आई, आज तुमची शीर गैरहजर आहे." एवढ्याशा चेष्टेनं सुई निम्मी दुखायची.

केस गेले. चवही गेली. मला सर्वांत जास्त त्रास झाला तो चव गेल्याचा, कारण आमच्या बागेत तेव्हा आंबिया बहाराची संत्री लागली होती आणि मला ती ओल्या कापसासारखी लागत होती.

अशाच एका खेपेला डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाल्या, एक अभ्यास चालू आहे. एक जुनं औषध आहे, वर्षानुवर्षं दुसऱ्याच आजाराला देतात. प्रयोगशाळेत पाहिलं तर कॅन्सरच्या पेशींवरही त्याचा काही परिणाम होतो असं दिसलं. माणसात होतो का, ते अजून माहीत नाही. काही रोग्यांना नेहमीच्या उपचारासोबत ही गोळी देणार, काहींना नेहमीचेच उपचार. कोणाला काय, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. तुमची तयारी असेल तरच. आणि नको वाटलं तर मधूनच सोडता येईल, कोणी रागावणार नाही.

"जुनंच औषध कशाला?" मी विचारलं. शिक्षिकेची खोड.

"कारण ते माणसाला किती सोसतं, काय त्रास देतं, हे आम्हाला ठाऊक आहे. नवं औषध शोधायचं म्हणजे तिथून सुरुवात. आणि मॅडम, ते स्वस्तही आहे."

"दुसरा आजार कोणता?"

"मनाचा. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, त्यांना देतात." आणि त्यांनी गोळीचं नाव सांगितलं.

मी हसले. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळीच. हसता हसता खोकल्याची उबळ आली तरी थांबेना. डॉक्टरबाई घाबरल्या. शेजारी बसलेले आमचे हे मात्र पांढरे पडले होते, कारण ती गोळी आम्हाला नवी नव्हती. आमच्या घरात ती तिखटमिठासारखी रोज लागत होती.

वसंता

वसंता माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलेजात होता, गणितात हुशार. एका वर्षी परीक्षेआधी त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कोणीतरी त्याचं नाव घेऊन शिव्या द्यायचं. घरच्यांनी त्याला जिथं जिथं नेता येईल तिथं नेलं. शेवटी नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही गोळी लावली आणि हळूहळू आवाज मागे गेले. कॉलेज सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून तो आमच्यात राहतो आणि बाग बघतो. संत्र्याचं कलम करताना जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधावा तर वसंतानंच. त्यानं बांधलेला डोळा वाया जात नाही.

गावात त्याला 'येडा वसंता' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठ फिरली की म्हणतात.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी मागची चौकशी होते. घराण्यात कोड आहे का, वेड आहे का. म्हणून मोहगावचे लोक पल्लवीला बघायला आले त्या दिवशी वसंता सकाळीच डबा घेऊन बागेत गेला. त्याला कोणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागत नाही. पाहुणे म्हटले की तो स्वतःच चपला घालतो.

आता त्याचीच गोळी मी घ्यायची! गाडीत हे पहिलं वाक्य बोलले ते असं, "एका घरात दोन जण त्या गोळीवर? लोकं काय म्हनतील, इचार केला का?"

"लोक फुफ्फुसातलं पाणी म्हणतील," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंय."

मी सही केली. चिठ्ठीत माझ्या वाट्याला गोळी आली. ह्यांनी एकच अट घातली, त्या गोळीचं नाव घराबाहेर काढायचं नाही.

धडे

घरी येऊन मी डबी ओसरीवर ठेवली आणि वसंताला हाक मारली. त्यानं झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली, नखानं उलटीपालटी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, ही तं माही हाये."

"आता माझी पण आहे."

मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यापूर्वी फक्त त्याच्या कलमाला पहिला कोंब फुटला की पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "मतलब, मोठे डॉक्टर ह्या गोळीकडं पाहून राहिले? कॅन्सरसाठी?"

"पाहून राहिलेत. अजून काही सिद्ध नाही."

"पण पाहून तं राहिले ना," वसंता म्हणाला.

त्या दिवसापासून तो माझा मास्तर झाला. तोंडाला कोरड पडायला लागली तर त्यानं सुकवलेल्या आवळ्याची फोड दाबून ठेवायला शिकवलं. हात थरथरायला लागले तर म्हणाला, "पेला अर्धाच भरा, वहिनी, आन दोन्ही हातानं धरा. लाज नाही त्यात." पाय एका जागी ठरेनात, बसलं की उठावं वाटे, उठलं की बसावं वाटे, तेव्हा मला वाटलं आता माझंही डोकं फिरलं. त्यानं मला बागेत नेलं आणि संत्र्याच्या दोन ओळींमधून चालवलं. "हे तुमी नाही करून राहिल्या, गोळी करून राहिली. गोळीशी भांडायचं नाही. चालायचं. आन डॉक्टरीनबाईले सगळं सांगायचं, लपवायचं नाही. मी लपवलं होतं सुरुवातीले, लय भोगलं."

मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी आणखी एक औषध जोडलं आणि पायांची ती तगमग बरीच कमी झाली.

इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका छताखाली राहिलो, जेवलो, भांडलो. पण आत काय चालतं हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, कारण ऐकून समजेल असं माणूसच घरात नव्हतं. आता होतं.

जामसांवळीची जीप

सौंसरला माझी मोठी नणंद राहते, रंजनाताई. वसंताला बरं नसायचं त्या काळात गोळ्या तीच द्यायची. ती एकदा आमच्याकडे आली. मी चहा दिला तो निम्मा बशीत सांडला. मग तिनं माझं तोंड निरखलं, जड झालेली जीभ ऐकली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेली. तिथं फळीवर माझं नाव लिहिलेली डबी होती. झाकण उघडायचा मोह काही तिला आवरला नसणार. जाताना एवढंच म्हणाली, "शोभा, येत्या शनवारी जामसांवळीले मारोतीच्या दर्शनाले जाऊ. मी जीप सांगतो. तुह्या तब्येतीसाठी."

मला बरं वाटलं. नणंद असावी तर अशी, असंही वाटलं.

शनिवारी ताई, पल्लवी, मी आणि वसंता असे निघालो. हे संत्री विकायला मंडीत गेले होते. मारुतीरायाचं दर्शन झालं. तिथं तो निजलेला आहे, आडवा, निवांत. मला बघूनच शांत वाटलं, निजून असलेला देव आजारी माणसाला जवळचा वाटतो. दर्शनानंतर ताईनं मला हाताला धरून आवारात एका कडेला नेलं आणि बसवलं. तिथं बऱ्याच बाया बसल्या होत्या. एक घुमत होती, एक केस मोकळे सोडून भिंतीशी बोलत होती. मला वाटलं गर्दीमुळे इथं जागा मिळाली असेल.

शेजारची एक म्हातारी ताईला म्हणाली, "तुमच्या बाईले कधीपासून हाये हो?"

ताई हळूच म्हणाली, "झाले दोनक महिने. माहेरची काही बाधा असन."

मी आधी 'माहेरची' ऐकलं. आमच्या माहेराला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं तसंही तापतं. मग 'बाधा' ऐकलं. मग आजूबाजूला बघितलं आणि एकदम उजेड पडला, बाधा झालेल्यांना बसवतात त्या जागी ताईनं मला बसवलं होतं. मी ताडकन उठले आणि वर्गात ओरडतात तसं ओरडले, "मी येडी नाही! मले कॅन्सर हाये! कॅन्सर!"

घुमणारी बाईसुद्धा थांबली.

ताईनं छातीवर हात ठेवला. "कॅन्सर? निस्ता कॅन्सरच? अवं माय! मंग आधी नाही का सांगायचं! मी तं समजली तुले येड लागलं. रातदिवस झोप नाही मले." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, सुटकेचं.

म्हातारीनंही मान हलवली. "कॅन्सरवर इलाज हाये बाई नागपूरले. घाबरू नोको."

मी हसावं की रडावं? कॅन्सर झाल्याबद्दल माझं तिथं जवळजवळ अभिनंदनच चाललं होतं. पल्लवी तोंड फिरवून हसत होती, खांदे हलत होते तिचे. आणि तेवढ्यात वसंता पुढे आला. आमच्या चपला सांभाळत तो जरा लांब उभा होता. हातात चपला तशाच होत्या.

"ताई," तो म्हणाला, "येड लागलं असतं तरी इलाज हाये ना. मी काय मेलो का?"

ताईनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी जी त्याला कडेवर घेऊन फिरली होती, ती वीस-पंचवीस वर्षं त्याच्याबद्दल लोकांत बोलली नव्हती. तिनं त्याच्या हातातल्या चपला घेतल्या, खाली ठेवल्या आणि त्याचा हात धरून बसली. मला त्या क्षणी माझ्या ह्या दिराचा इतका अभिमान वाटला की खोकलासुद्धा आला नाही.

मोहगावचा फोन

आवारात केलेली गर्जना संध्याकाळपर्यंत सौंसर ओलांडून पांढुर्ण्याला पोचली. हे घरी आले ते चिडूनच.

"आता तरी गोळी सोड," म्हणाले. "कॅन्सर लोकं समजून घेतीन. गोळीचं कोण समजावत बसन? डॉक्टरीनबाईनंच सांगितलं ना, मधात सोडता येते म्हणून. पोट्टीचं लगन हाये."

मी त्यांना म्हटलं, सोसली नाही तर सोडीन. डॉक्टरांनी सोड म्हटलं तर आत्ता सोडीन. लाजेपायी नाही सोडणार. ज्या गोळीवर तुमचा भाऊ माणसात आला ती मला जगवायला चालते आणि लोकांना सांगायला चालत नाही, असं कसं? उद्या मी सोडली तर वसंताच्या ताटात वाढायला मी कोणत्या तोंडानं जाऊ?

वसंता पलीकडे पडवीतच होता. तो उठून बागेकडे गेला. पाहुणे नव्हते तरी.

पल्लवी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, भांडू नका. मी मोहगावले फोन केला. आईचा कॅन्सर, काकांचा आजार, दोघांची गोळी एकच, सगळं सांगून टाकलं."

ह्यांनी डोक्याला हात लावला. त्यानंतर मोहगावकडून बरेच दिवस काही आवाज नव्हता. घरात आम्ही एकमेकांना मीठ मागायचो तेवढंच. पल्लवी वरून खंबीर होती, पण फोन वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं. मी गोळी घेत होते आणि प्रत्येक गोळीसोबत मला वाटत होतं, शोभा, तुझ्या ताठ्यापायी पोरीचं नुकसान होतं आहे का? हा विचार आजारापेक्षा जड होता. तरी मी गोळी घेतली.

मग एका रविवारी मुलाची आई न सांगता येऊन उभी राहिली, सोबत मुलगा. चहा झाला. तिनं घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "ते कुठं हायेत? पोरीचे काका?"

हे उठले. मला वाटलं काहीतरी थाप मारणार. पण त्यांनी मोटारसायकलची किल्ली घेतली आणि गेले. परत आले तेव्हा मागच्या सीटवर वसंता होता, गुडघ्यापर्यंत माती, बोटांना कलमाच्या पट्ट्या चिकटलेल्या. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. ह्यांनी त्याला खांद्याला धरून आत आणलं आणि पाहुण्यांसमोर उभं केलं.

"हा माहा लहान भाऊ," हे म्हणाले. "वसंता."

मुलाच्या आईनं वसंताला बसायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी लपवलं असतं तं लग्नानंतर भांडण झालं असतं, बाई. पोट्टीनं आधीच सांगितलं, आता भांडायले काही उरलंच नाही." तिला बाग बघायची होती. वसंतानं तिला बाग दाखवली.

साक्षगंधाला वसंता नवा सदरा घालून पहिल्या ओळीत बसला होता. मी डोक्याला रुमाल बांधून, थरथरत्या हातांनी कुंकू लावत होते. थोडं इकडंतिकडं लागलं. लागू दे!

जे माहीत आहे, जे माहीत नाही

हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरात हा आजार असेल तर त्यांना हात जोडून एक सांगते. ही गोळी औषधाच्या दुकानातून मागून घेऊ नका. तुम्हाला नाव सापडू नये म्हणूनच मी ते लिहिलेलं नाही. माझी गाठ लहान झाली आहे, श्वास मोकळा आहे, मी पुन्हा शाळेत पायऱ्या चढून जाते. पण ते सलाइनमुळे की गोळीमुळे, हे मला माहीत नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. अभ्यास पूर्ण व्हायचा आहे. कदाचित निघेल की काही उपयोग नव्हता. तेही कळायला कोणालातरी शेवटपर्यंत घ्यावीच लागते, आणि मी घेतली. एवढ्याचा मला अभिमान आहे. शाळेत मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा जास्त आहे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा वसंताला सोबत नेलं होतं. मी डॉक्टरबाईंना आवळ्याची, अर्ध्या पेल्याची आणि संत्र्याच्या ओळींत चालण्याची गोष्ट सांगितली होती. त्यांना ती आवडली होती. त्या म्हणाल्या, बाहेर एक बाई बसल्या आहेत, कालच गोळी सुरू झाली आहे आणि फार घाबरल्या आहेत, तुमचे दीर जरा बोलतील का त्यांच्याशी?

मी वसंताकडे बघितलं. अनोळखी माणूस आलं की चपला घालणारा हा माणूस. तो सदऱ्याची कॉलर नीट करत बाहेर गेला.

मी दारातून बघत राहिले. ती बाई बैतूलकडची असावी, हातांकडे बघत बसली होती. वसंता तिच्या बाकावर थोडं अंतर राखून बसला. खिशातून आवळ्याची पुडी काढली, तिच्यापुढे धरली, पेला कसा धरायचा ते दोन्ही हातांनी करून दाखवलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुमी इथले डॉक्टर हा का जी?"

वसंतानं मागे वळून मला शोधलं. ह्यांच्याकडेही बघितलं, ते माझ्या शेजारीच उभे होते. मग तो तिच्याकडे वळला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"नाही, बाई. पण ही गोळी आमच्या घरची हाये."